मेणाचं माप आणि श्रमाचं मोल

(बचत गटांतल्या मैत्रिणींसाठी घेतलेल्या प्रशिक्षण शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हिंसा, वारसाहक्क, रेशन, मजुरी यांवर बोलणाऱ्या आपण बायका, आणि आज बोलायचं ते मेणबत्तीवर! तेही काचेच्या ग्लासात ओतलेल्या वासाच्या मेणबत्तीवर. सोया मेण किती, पॅराफिन किती, वात कुठली, एवढंच शिकून घरी जायचं असेल तर त्यासाठी संघटना कशाला हवी, असा प्रश्न पडणं बरोबर आहे.

पण बचत गटातल्या बाईला 'काहीतरी उद्योग करा' असं सांगितलं जातं तेव्हा तिच्यासमोर काय ठेवलं जातं, ते आठवा. पापड, लोणची, मसाले, शिवण, अगरबत्ती आणि मेणबत्ती. घरात बसून, स्वयंपाकघराच्याच ओट्यावर, मुलं सांभाळून करता येतील असेच सगळे उद्योग. मेणबत्तीचं प्रशिक्षण तर गावोगाव होतं. दोन-तीन दिवसांत बाई साचा भरायला शिकते, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं. पुढे बहुतेक ठिकाणी काय होतं? दिवाळीला थोडा माल खपतो, उरलेला माळ्यावर जातो, आणि 'बायकांना धंदा जमत नाही' असा शेरा बसतो.

धंदा न जमण्याची कारणं बाईत नाहीत. तिला कृती शिकवली जाते, कारण शिकवलं जात नाही. माप दिलं जातं, ते माप बदलायचं कसं हे दिलं जात नाही. आणि तिच्या वेळेचा हिशोब तर कुठल्याच वहीत नसतो. म्हणून आज मेणाविषयी बोलताना तिन्ही गोष्टी एकत्र बोलूया.

सोया आणि पॅराफिन: ही मेणं येतात कुठून?

पूर्वी आपल्याकडे मेणबत्ती म्हणजे वीज गेल्यावर लावायची पांढरी कांडी. भारनियमनाच्या काळात ती घरोघर लागायची. आज इन्व्हर्टर आले, मोबाइलला दिवा आला, आणि त्या कांडीचा खप ओसरला. आता शहरात विकली जाते ती भेट द्यायची, खोलीत वास दरवळावा म्हणून लावायची, ग्लासातली मेणबत्ती. या मेणबत्तीला साच्यातून बाहेर यायचं नसतं. ती भांड्यातच जन्मते आणि भांड्यातच संपते. म्हणून तिचं मेण कांडीच्या मेणापेक्षा वेगळं लागतं. कांडीचं मेण टणक हवं, उभं राहायला हवं. ग्लासातलं मेण जरा मऊ हवं, काचेला धरून राहायला हवं आणि कडेपर्यंत वितळायला हवं.

पॅराफिन हे खनिज तेलातून निघतं. तेलशुद्धीकरणात वंगणाचं तेल तयार करताना जो मेणासारखा भाग वेगळा काढतात, तो स्वच्छ करून पॅराफिन होतं. आसाममधल्या दिगबोईला १९०१ साली शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तिथलं मेण जुन्या मेणबत्तीवाल्यांना ठाऊक आहे. बाजारात पॅराफिन त्याच्या वितळण्याच्या अंशावरून ओळखलं जातं. ५८-६० अंशांचं म्हटलं की ते टणक.

सोया मेण म्हणजे सोयाबीनचं तेल. पण तेल पातळ आणि मेण घट्ट, हे कसं? तुम्हा सगळ्यांना वनस्पती तूप माहीत आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला. पातळ तेलात निकेल धातूच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळला की ते घट्ट होतं. सोया मेणामागे तीच युक्ती आहे, फक्त ते खाण्यासाठी नसतं आणि घट्टपणा मेणाच्या कामाचा ठेवलेला असतो. मेणबत्तीसाठी या मेणाचा बाजार अमेरिकेत १९९० च्या दशकात उभा राहिला. ग्लासात ओतायचं सोया मेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. 'सोया' शब्द ऐकला की आपल्याला लातूरची, वाशीमची शेतं दिसतात. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून देशातल्या सोयाबीनचा फार मोठा वाटा पिकवतात. सोयाबीनची निंदणी-खुरपणी करणाऱ्या, सोंगणीला जाणाऱ्या बायका आपल्याच. पण आपला देश सोयाबीनचं तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून मोठ्या प्रमाणात विकत आणतो. तेव्हा दुकानातलं सोया मेण आपल्या शेतातलंच आहे, असं धरून चालू नका. पाकिटावर देशाचं नाव छापलेलं असतं, ते वाचा. सोया मेण घेतलं म्हणजे शेतकरीण बाईला भाव मिळाला, एवढं सरळ ते गणित नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. तो बाजार समितीत प्रत्यक्ष हातात पडतो की नाही, हा लढा मेणबत्तीने सुटणारा नाही. तो वेगळाच लढावा लागेल.

मिसळायचं कशासाठी?

नुसतं सोया का नको आणि नुसतं पॅराफिन का नको?

नुसतं टणक पॅराफिन ग्लासात ओतलं तर ते थंड होताना आकसतं. काचेपासून सुटतं आणि वातीच्या भोवती खड्डा पडतो. दिसायला वाईट, आणि जळतानाही वातीच्या भोवती बोगदा पडून कडेचं मेण तसंच राहतं. पण पॅराफिनचे गुणही आहेत. ते स्वस्त पडतं, सहज मिळतं, उन्हाळ्यात तग धरतं, आणि जळताना सुगंध लवकर सोडतं.

नुसतं सोया काचेला छान धरतं, सावकाश जळतं, भांडी साबणाच्या गरम पाण्याने धुता येतात. पण ते मऊ. वरून त्याच्यावर पांढरी बुरशीसारखी साय धरते. ती बुरशी नसते, तेलाचे स्फटिक असतात, पण गिऱ्हाइकाला ते कोण सांगणार? जळताना वासही पॅराफिनपेक्षा हळू सुटतो. आणि आपल्याकडचा मोठा प्रश्न उन्हाळ्याचा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत त्याहून जास्त. ५० अंशांना वितळणारं मेण तिथे काय करेल? वर तेलाचे थेंब सुटतील, वात कलंडेल, आणि माल परत येईल. परदेशी पुस्तकातलं किंवा पुण्या-मुंबईच्या वर्गातलं प्रमाण अकोल्याला चालेलच असं नाही, ते यामुळे.

दोन्ही मिसळली की एकाचा दोष दुसरं सांभाळून घेतं. पॅराफिनने घट्टपणा येतो, साय कमी धरते, वास उचलला जातो, खर्च उतरतो. सोयाने आकसणं कमी होतं, काच धरली जाते. कुठल्या प्रमाणात? याचं एक उत्तर नाही, आणि हीच आजची मुख्य गोष्ट आहे. उत्तर तुमच्या गावच्या हवेवर, तुमच्या ग्लासावर, तुमच्या वातीवर आहे. ते बाहेरचा कोणी आयतं देऊ शकत नाही. ते गटानेच शोधायचं.

प्रमाण शोधायची रीत

यासाठी मोठं भांडवल लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, एक थर्मामीटर, दोन पातेली, आणि एक वही. माप वजनानेच घ्यायचं, वाटीने नाही. सोयाच्या पापड्या असतात, पॅराफिनची लादी असते, वाटीत दोन्हींचं वजन सारखं भरत नाही.

पहिल्या फेरीत चार मिश्रणं करा. सोया ८० आणि पॅराफिन २०. मग ७० आणि ३०. मग ६० आणि ४०. मग निम्मंनिम्मं. प्रत्येक मिश्रण १०० ग्रॅमचं, आणि प्रत्येकाचे दोन ग्लास, एकात बारीक वात, दुसऱ्यात जाड. म्हणजे आठ छोटे ग्लास झाले. एकूण ५२० ग्रॅम सोया आणि २८० ग्रॅम पॅराफिन लागेल. या फेरीत सुगंध घालू नका. सुगंधी तेल महाग असतं, आणि आधी मेण काय करतं ते कळायला हवं.

पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून मेण वितळवायचं. आधी पॅराफिन, कारण ते उशिरा वितळतं. ते पातळ झालं की सोया घाला. ७५ अंशांच्या आसपास दोन्ही एकजीव होतात. हळू ढवळा, फेस आणू नका. ग्लास कोरडे आणि कोमट हवेत. थंड काचेत गरम मेण पडलं की ते काचेपासून जागोजाग सुटतं, कधी काचही तडकते. वातीच्या बुडाशी पत्र्याची चकती असते, ती ग्लासाच्या तळाला नीट मधोमध चिकटवा. मेण ६० अंशांवर उतरलं की ओता. ग्लास पंख्याखाली ठेवू नका, हलवू नका. दुसऱ्या दिवशी वातीजवळ खड्डा पडला असेल तर थोडं मेण पहिल्यापेक्षा जरा जास्त गरम करून वर भरा.

मग लगेच पेटवायचं नाही. सोया असलेल्या मेणाला मुरायला वेळ लागतो. निदान आठवडाभर ठेवा. या आठवड्यात दोन ग्लास दुपारच्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये तीन तास ठेवून पाहा. तेल सुटलं का, वात कलंडली का, लिहून ठेवा.

आता वातीचं. बायका मेणावर मेहनत घेतात आणि वात मिळेल ती घालतात. मेणबत्ती नीट जळणं वातीवर फार अवलंबून असतं. सोयाला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. म्हणून प्रमाण बदललं की वात पुन्हा तपासायची. ६०-४० ला चाललेली वात ८०-२० ला चालेलच असं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. वात अर्ध्या सेंटिमीटरवर कापून पेटवा. ग्लासाच्या तोंडाची रुंदी सात-साडेसात सेंटिमीटर असेल तर साधारण तीन तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचायला हवं. चार तासांनंतरही कडेला मेण शिल्लक असेल तर वात बारीक आहे. ज्योत उंच नाचते, काजळी धरते, वातीच्या टोकाला काळी गाठ येते, ग्लास हाताला चटका देईल इतका तापतो, तर वात जाड आहे. मेणबत्ती चार तासांनी विझवा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा पेटवा. तळापर्यंत अशी जाळून पाहा. पहिली चाचणी गोड आणि शेवटच्या चाचणीत ग्लास तडकला, असं होऊ शकतं. म्हणून शेवटपर्यंत पाहायचं.

यातून एक-दोन प्रमाणं निवडा आणि मग दुसऱ्या फेरीत सुगंध घाला. मेणाच्या वजनाच्या सहा टक्के, म्हणजे एक किलो मेणाला ६० ग्रॅम, इथून सुरुवात करा. मेण ७० अंशांच्या आसपास असताना घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा. जास्त तेल म्हणजे जास्त वास, असं नसतं. मेणाने न पचवलेलं तेल वर सुटतं आणि ज्योतीजवळ धोक्याचं ठरतं. सुगंधानेही वात बदलावी लागते, म्हणून जळण्याची चाचणी परत.

आठ ग्लास, दोन फेऱ्या, तीन-चार आठवडे. एवढा वेळ कोण देणार, असं वाटेल. पण हा वेळ दिला की गटाच्या वहीत एक ओळ लिहिली जाते: आमच्या गावच्या हवेत, या ग्लासाला, या वातीला, हे प्रमाण चालतं. ही ओळ गटाची मालमत्ता आहे. काटा-पातेल्याइतकी खरी मालमत्ता.

जिवाची किंमत

आता सुरक्षिततेचं. हे मी शेवटी दोन ओळींत उरकणार नाही.

मेण हे इंधन आहे. ते पाण्यासारखं उकळून आपल्याला इशारा देत नाही. थेट गॅसवर ठेवलं की तापत जातं, आणि २०० अंशांच्या आसपास किंवा त्यापुढे त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. खालच्या पातेल्यात पाणी असलं की मेण १०० अंशांपुढे जात नाही. मात्र ते पाणी आटू द्यायचं नाही. मेणाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण अंगावर उडतं. गॅस बंद करायचा आणि पातेल्यावर झाकण सरकवायचं. म्हणून मेण वितळवताना झाकण हाताशीच हवं, सोबत कोरड्या वाळूची बादली. पदर खोचलेला, केस बांधलेले, कपडे सुती. खिडकी उघडी. रांगतं मूल त्या खोलीत नको. मेण गॅसवर ठेवून दार उघडायला, दूध घ्यायला, सासऱ्यांना चहा द्यायला उठायचं नाही. आणि इथेच गोम आहे. घरात एकटीने काम करणाऱ्या बाईला 'उठायचं नाही' हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. तिला दर पाच मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं. म्हणून मेण वितळवण्याचं काम एकत्र, गटाच्या जागेत, किमान दोघींनी मिळून करावं, हा माझा आग्रह आहे. समाजमंदिर असेल, अंगणवाडीनंतर रिकामी होणारी खोली असेल, ग्रामपंचायतीकडे जागा मागा. ही मागणी ग्रामसभेत मांडण्यासारखी आहे.

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्या उडणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. त्यात मेलेल्या बहुतेक बायकाच होत्या. ते काम आपल्या मेणाच्या कामापेक्षा वेगळं, त्यात शोभेच्या दारूसारखी पूड असते. पण कोणाच्या तरी वाढदिवसाचा दहा सेकंदांचा झगमगाट बनवताना कामगार बाया जळून मेल्या, हे आपण विसरायचं नाही. आग विझल्यावर चौकशी होते. आग लागण्याआधी विचारायचे प्रश्न आपण विचारायचे: बाहेर पडायला दुसरं दार आहे का? परवाना आहे का? विमा आहे का? पुढे ज्या कोणी कारखान्यात या कामाला जातील त्यांनी, आणि आपल्या गटाच्या खोलीतही, हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचे.

वहीत नसलेला रकाना

आता हिशोब. आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून धरते आहे. तुम्ही तुमच्या बाजारातले घाला.

६०-४० प्रमाणाचं एक किलो मेण धरा. सोया किलोला ३०० रुपये धरलं तर ६०० ग्रॅमचे १८०. पॅराफिन १५० धरलं तर ४०० ग्रॅमचे ६०. सुगंध ६० ग्रॅम, ९० रुपये. यात १५० ग्रॅमचे सात ग्लास भरतात. ग्लास पंचवीसचा, म्हणजे १७५. वात आणि चकती नगाला चार, म्हणजे २८. खोकं आणि चिठ्ठी नगाला दहा, म्हणजे ७०. गॅस १५. बेरीज ६१८. नगाला साधारण ८८ रुपये. गट म्हणतो, चला, शंभराला विकू, नगामागे बारा रुपये नफा.

आता ज्या रकान्याला आपण कधी हात लावत नाही तो भरू. ग्लास धुणं-पुसणं, वाती लावणं, वितळवणं, ओतणं, दुसऱ्या दिवशी खड्डा भरणं, वात कापणं, चिठ्ठी लावणं, बांधणं. सात ग्लासांना मिळून अडीच तास धरा. सात नगांचा 'नफा' ८४ रुपये. म्हणजे तासाला ३३ रुपये. त्यातून चाचण्यांना गेलेलं मेण, फुटलेले ग्लास, परत आलेला माल यासाठी खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे ६२ रुपये काढा. उरले २२. अडीच तासांचे २२ रुपये. तासाला नऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत!

आता उलटीकडून मांडा. बाईच्या तासाला ६० रुपये धरा. हे काही फार झालं नाही. अडीच तासांचे १५०. ६१८ अधिक ६२ अधिक १५०, झाले ८३०. सातने भागा. नगाला ११९ रुपये हा खर्च झाला, विक्रीची किंमत नव्हे. त्यावर गटाच्या पुढच्या भांडवलासाठी काही हवं, दुकानदाराचा वाटा हवा. म्हणजे शंभराला विकणारा गट प्रत्येक मेणबत्तीमागे १९ रुपये स्वतःच्या अंगाचे देतो आहे, आणि त्याला नफा म्हणतो आहे.

'बाई घरीच तर असते, तिचा वेळ कुठे खर्च होतो' हे वाक्य आपण घरकामाच्या संदर्भात वर्षानुवर्षं खोडत आलो. तेच वाक्य उद्योगाच्या वहीत गुपचूप येऊन बसलेलं असतं. घरकामाला मोल नाही, म्हणून घरात केलेल्या धंद्याच्या कामालाही मोल नाही. ही एकच साखळी आहे.

आणि शंभराला ती मेणबत्ती घेणारा व्यापारी शहरात तिला देखणं नाव देतो, काळ्या खोक्यात घालतो आणि कितीतरी पट भावाने विकतो. तो तिचा वास विकतो, काच विकतो, आणि 'ग्रामीण महिलांनी हातांनी बनवलेली' ही ओळही विकतो. त्या ओळीचे पैसे ग्रामीण महिलेला मिळत नाहीत.

प्रमाण कोणाच्या हातात?

काही ठिकाणी पुढची पायरी सुरू झालेली दिसते. ठेकेदार तयार मिश्रणाची पोती आणून टाकतो. त्यात काय आहे ते सांगत नाही. ग्लास, वाती त्याच्याच. बाईने वितळवायचं, ओतायचं, नगावर पैसे घ्यायचे. गॅस बाईचा, जागा बाईची, फुटलेला ग्लास बाईच्या पैशातून कापायचा, भाजलं तर औषध बाईचं. बाईला काम मिळालं, पण कसब ठेकेदाराकडेच राहिलं. उद्या त्याने दुसऱ्या गावात स्वस्त हात शोधले, की इथे उरणार रिकामी पातेली.

हे आपल्याला नवं नाही. सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलं. घरी काम करणारी बाई कामगार नाहीच, असं मालक म्हणत. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं, त्यामागे कामगारांचे लढे होते. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. व्याख्या आली म्हणजे हक्क हातात आला असं नाही, पण बोट ठेवायला जागा झाली. तेव्हा नगावर काम घ्यायचंच असेल तर दर लेखी घ्या, दिलेला माल आणि परत केलेला माल वहीत दोघांच्या सहीने लिहा, ई-श्रमवर नोंद करा, आणि दर एकटीने ठरवू नका. गावातल्या साऱ्या जणींनी मिळून ठरवा.

चिठ्ठीवर खरं लिहूया

आणखी एक प्रश्न आपल्या प्रामाणिकपणाचा. ६०-४० च्या मेणबत्तीवर 'शुद्ध सोया, शंभर टक्के नैसर्गिक' असं छापून द्या, असा आग्रह दुकानदार करतात. छापू नका. त्यात ४० टक्के खनिज तेलाचं मेण आहे. खोटा दावा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि २०२४ साली पर्यावरणाच्या नावाने केल्या जाणाऱ्या खोट्या दाव्यांविरुद्ध वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आली. पकडला जाईल तो चिठ्ठीवर नाव असलेला गट, दुकानदार नाही. शिवाय घेणारीही बहुतेक वेळा आपल्यासारखीच बाई असते. तिला फसवून आपण कोणतं सबलीकरण करणार?

पॅराफिन म्हणजे विष आणि सोया म्हणजे अमृत, असंही मानायचं कारण नाही. काजळी कुठल्याही मेणाची होते. वात जास्त लांब राहिली किंवा वारा लागला की होते. म्हणून सरळ लिहा: 'सोया आणि पॅराफिन मेणाचं मिश्रण'. खाली वापरायच्या सूचना: वात अर्धा सेंटिमीटर ठेवा, पहिल्यांदा कडेपर्यंत वितळू द्या, सलग चार तासांपेक्षा जास्त जाळू नका, तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबा, पडद्याजवळ आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका. वजन, किंमत, महिना-वर्ष, गटाचं नाव आणि पत्ता हे तर कायद्यानेच हवं.

शेवटी, मैत्रिणींनो, घरी गेल्यावर गटाच्या पुढच्या बैठकीत चार कामं घ्या. एक, एक जाड वही आणा आणि तिच्यात प्रमाण, वात, तारीख, हवा आणि निकाल लिहायला लागा. लिहिता येणारी एकच असेल तर तिने लिहावं, पण वाचून सगळ्यांना दाखवावं. दोन, हिशोबाच्या वहीत 'वेळ' असा रकाना पाडा आणि तो रिकामा सोडू नका. तीन, मेण वितळवायला सामाईक जागा मागण्याचा अर्ज करा. चार, शेजारच्या गावच्या गटाला तुमचा भाव सांगा आणि त्यांचा विचारा. आपण एकमेकींना भाव सांगत नाही म्हणून व्यापारी दोघींनाही पाडतो.

मेणबत्ती विकून क्रांती होणार नाही, हे मलाही माहीत आहे. कदाचित सगळे हिशोब मांडल्यावर तुमच्या लक्षात येईल की हा धंदा तुमच्या गावात परवडतच नाही. तसं असेल तर तो बंद करायचा ठरावही सगळ्यांनी मिळून, आकडे समोर ठेवून करा. तोही निर्णयच आहे, आणि तो तुमचा आहे. 'बायकांना जमलं नाही' असं मात्र कोणाला म्हणू देऊ नका. वही उघडून दाखवा.